घरी सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी खरंच जाते का? (१६० सीसी, बीएस-६)

करवीरकर_१६०

रामराम मंडळी.

गाडी १६० सीसी, इंजेक्शनवाली, पुढे डिस्क आणि एबीएस, मागे ड्रम. पाडव्याला घेतलेली, मीटरवर ७,८०० कि.मी. फ्री सर्व्हिसिंग सगळ्या शोरूमला वेळेत झाल्या, आता पेड सुरू. गेल्या बिलात ऑईल आणि फिल्टर सोडून डीकार्ब (इंजिनमधला कार्बन साफ करणं), चेन क्लीनिंग किट, पॉलिश अशा ओळी न विचारताच घुसवलेल्या होत्या. म्हणून ऑईल, चेन, एअर फिल्टर आणि मागचे ब्रेकशू एवढं तरी घरी करायचा विचार आहे. पान्यांचा सेट आहे, हातही चालतो.

पण काउंटरवरचा अॅडव्हायझर म्हणतो, “बाहेर एक नट जरी फिरवला तरी वॉरंटी संपली.” लेखी द्या म्हटलं तर नुसता हसतो.

१) हे कितपत खरं आहे?
२) कुठल्या कामाला हात लावला तर चालेल आणि कुठल्या नाही?
३) रोज कागल एमआयडीसी, पावसाळ्यात गगनबावड्याकडे फेऱ्या. पुस्तिकेच्या सर्व्हिस तक्त्यातल्या कि.मी.वर थांबायचं की आधीच करायचं?

---

जॉबकार्ड

अॅडव्हायझर असं का बोलतो ते आधी समजून घ्या, म्हणजे राग कमी येईल.

वॉरंटीत पार्ट बदलला की शोरूम तो आपल्या स्टॉकमधून घालतं आणि कंपनीकडे क्लेम लावतं. खराब पार्टला टॅग लागतो, तो कंपनीच्या तपासणीसाठी जपून ठेवतात. कंपनीने क्लेम नाकारला तर पार्ट आणि लेबर दोन्ही शोरूमच्या अंगावर पडतं. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला “संपली” म्हणणं सगळ्यात सोपं. निर्णय मात्र पूर्ण गाडीवर एकदम होत नाही, एका पार्टच्या एका क्लेमवर होतो. फ्युएल पंप गेला असेल आणि तुम्ही घरी ऑईल बदललेलं असेल, तर त्या दोन गोष्टींचा संबंध जोडायला कुणालाही अवघड आहे. मीटर, स्टार्टर मोटर, लॉकसेट, फोर्क यांचंही तेच.

खरी गोम इंजिनच्या आतल्या पार्टला आहे. कॅम, रॉकर, पिस्टन, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, गिअर. असला क्लेम आला की पहिल्यांदा गाडी बघत नाहीत, सर्व्हिस हिस्टरी उघडतात. चेसिस नंबर टाकला की कुठली सर्व्हिस कुठल्या तारखेला, किती कि.मी.ला झाली ते दिसतं. मधली एक जरी नोंद नसली तरी “देखभालीचा अभाव” असा शेरा मारायला जागा मिळते. तुम्ही घरी शोरूमपेक्षा चांगलं ऑईल घातलेलं असलं तरी त्या पडद्यावर ते कुठेच नसतं.

आणि तारखेकडे लक्ष द्या. तक्त्यात “इतके कि.मी. किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते” असं असतं. गाडी कमी फिरते म्हणून सहा महिने न जाणारे लोक वॉरंटी अशीच घालवतात, घरी पाना फिरवून नव्हे.

दुसरी बाजू अशी की ब्रेकशू, पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, प्लग, केबल, फिल्टर, बल्ब, फ्यूज, रबरी वस्तू हे झिजणारे पार्ट म्हणून बहुतेक पुस्तिकांत वॉरंटीच्या बाहेरच ठेवलेले असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या बनवणाऱ्याची. जे मुळात वॉरंटीत नाही ते स्वतः बदललं म्हणून त्याची वॉरंटी कशी जाईल? प्रश्न येतो तो चुकीच्या कामामुळे शेजारचा पार्ट गेला तर.

माझं मत विचाराल तर वॉरंटी आहे तोवर तक्त्यातली प्रत्येक सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा, मधली कामं घरी. बिलातल्या जादा ओळींचा बंदोबस्त जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना शोरूम कामं लिहून घेतं त्या कागदावर होतो. सही करायच्या आधी त्यावर लिहून घ्या: “फक्त तक्त्याप्रमाणे काम, जादा कामाला फोनवर संमती घ्यावी.” मग पॉलिश आपोआप गळतं. डीकार्ब तुमच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात आहे का बघा. नसेल तर ते ऐच्छिक काम, नको म्हणायचं.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

भावा, लेबर वाचणार ते शे-दोनशे रुपये. त्याच्यासाठी लाखाच्या गाडीची वॉरंटी पणाला कशाला लावायची? तीन वर्षं गप्प शोरूमला टाक, वॉरंटी संपली की काय खोलायचं ते खोल. विषय संपला.

---

बावड्याचा_वकील

विषय एवढ्यात संपत नाही. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण यूट्यूब बघून लोक भलत्याच कायद्याचा दाखला देतात. “मूळ कंपनीचाच पार्ट किंवा सर्व्हिस घ्या, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट घालता येत नाही” हे ज्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यावरून सांगतात तो अमेरिकेचा आहे. कोल्हापुरात त्याचा उपयोग शून्य.

आपल्याकडे जवळचा आधार म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश. १४ मोटार कंपन्यांवर मिळून २,५०० कोटींच्या वर दंड झाला होता. त्यात असंही सांगितलं होतं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट ठेवू नये. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. पण तो आदेश चारचाकी कंपन्यांविरुद्धचा, शिवाय प्रकरण पुढे अपिलात गेलं. त्याची झेरॉक्स काउंटरवर आपटून उद्या दुचाकीचा क्लेम पास होईल असं समजू नका. युक्तिवादात मांडायला मात्र चांगला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते माहितीचं पोर्टल आहे. तिथे पुस्तिका आणि वॉरंटीच्या अटी बघायला मिळतात, तो स्वतंत्र कायदा नव्हे.

प्रत्यक्ष भांडायचं शस्त्र म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुमचं काम कोल्हापुरात होतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करायचं, नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या तिथेच नमतं घेतात.

पण आयोगासमोर दोष दाखवायची पहिली जबाबदारी तुमची असते. गरज पडली तर वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला जाते. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. “क्लेम कुठल्या अटीखाली आणि कुठल्या तांत्रिक कारणाने नाकारला ते लेखी द्या” असा ई-मेल कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि डीलरला एकदमच पाठवा. जॉब कार्डची प्रत घ्या. काढलेला पार्ट पैसे भरून बदलला असेल तर तो मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका. तोच तुमचा पुरावा.

शाहूपुरीकर म्हणतात ते व्यवहार म्हणून चुकीचं नाही, पण “एक नट फिरवला तरी वॉरंटी संपली” हे कायदा म्हणून खरं नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या कागदावर असतात आणि बहुधा जास्त कडक. तो कागद आधी वाचा.

---

पाना_नंबर_१७

वकीलसाहेबांनी बाजू मांडली, आता हाताचं काम. क्रमाने नाही लिहीत, जिथे नुकसान होतं तिथे जास्त लिहितो.

ऑईल. पुस्तिकेत ऑईलचे दोन आकडे असतात: एक “बदलताना” आणि दुसरा “इंजिन खोलल्यावर”. दुसरा मोठा असतो, कारण आत केसिंगला आणि वाटांमध्ये राहिलेलं ऑईल साध्या ड्रेनमध्ये कधीच पूर्ण निघत नाही. लोक मोठा आकडा बघून तेवढं घालतात. काही गाड्यांना बदलताना ९०० मि.ली.च लागतं, तरी लिटरचा डबा पूर्ण उपडा करायची सवय आहे. जास्त झालेलं ऑईल क्रँक घुसळतो, फेस होतो, ब्रीदरच्या पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात उतरतं. मग तेलकट फिल्टर, पिकअप मेलेला, आणि शोरूमवाला पहिल्या नजरेत ओळखतो की घरी काम झालंय. मापाचा जार घ्या. फिल्टर बदलला की नाही त्यावरही आकडा बदलतो.

ग्रेड पुस्तिकेतलाच घ्या, आणि डब्यावर जासो (ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं किंवा स्कूटरचं एमबी ऑईल घातलं तर त्याच्या निसरडेपणामुळे क्लच घसरतो. चढाला रेस वाढते, गाडी पुढे सरकत नाही. क्लच प्लेट वॉरंटीत नाही, म्हणजे तो खर्च तुमचाच.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा. गाडी डबल स्टँडवर. वरची ऑईलची कॅप आधी सैल करून बघा. ती अडकली असेल तर खाली ड्रेन करून उपयोग नाही. ड्रेन बोल्टला रिंग पाना किंवा गोटी पाना, अॅडजस्टेबल अजिबात नाही. डोकं गोल झालेला बोल्ट म्हणजे कंपनीच्या माणसाला आयता पुरावा. बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा. तो मऊ धातूचा असतो, दाबला जाऊन सील करतो. जुनाच लावला की थेंब सुटतो, मग माणूस अजून आवळतो आणि केसिंगचे आटे जातात.

फिल्टर बसवताना बाजू बघा. काही कार्ट्रिजवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं. उलटा बसला तर ऑईलची वाट अडते आणि वरच्या कॅमपर्यंत तेल पोचत नाही. घरच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिन खलास करणारी हीच चूक. स्प्रिंग आणि ओ-रिंग जागेवर आहे ना बघा, ओ-रिंगला नव्या ऑईलचं बोट लावा. जुनी ओ-रिंग झाकणाच्या खाचेत चिकटलेली राहते. तिच्यावर नवी बसवली की गळती ठरलेली.

काही इंजिनांत उजव्या केसिंगच्या आत फिरणारा फिल्टर आणि जाळी असते. ते केसिंग उघडायला गॅस्केट, क्लच केबल सगळं आलं. तिथे वॉरंटीत हात घालू नका.

भरून झालं की अर्धा-एक मिनिट नुसतं आयडलवर, रेस द्यायची नाही. बंद करून तीन मिनिटांनी गेज (पातळी दाखवणारी कांडी) बघा. गेज आट्यांत फिरवून बघायचं की नुसतं टेकवून, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन्हींत फरक येतो. काचेची खिडकी असेल तर गाडी सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर नव्हे.

चेन. ढिलाई साधारण २० ते ३० मि.मी., नेमका आकडा स्विंग-आर्मवरच्या स्टिकरवर. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ आहे तिथे सेट करा. ढिली बाजू धरून आवळली की ताठ जागी चेन तारेसारखी होते. त्याचा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि सीलवर येतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑईल गळायला लागतं, क्लेम लावायला जाता आणि तो म्हणतो चेन आवळलेली होती. आणि तो बरोबर असतो.

अॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. मागे ड्रम असेल तर चाक मागे ओढलं की ब्रेकचा रॉडही ओढला जातो आणि पेडलची ढिलाई संपते. शू ड्रमला घासत राहतो, अव्हरेज पडतो, ड्रम तापतो. म्हणून चेन झाली की ब्रेकचा नट पुन्हा सेट करायचा आणि ब्रेकलाइटचा स्विचही. स्प्लिट पिन असेल तर नवी. लॉकवाली चेन असेल तर लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला.

ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका, तारेचा ब्रश नको. रबर फुगतं आणि आतलं ग्रीस जातं. रॉकेल मिळालं तर ठीक, नाहीतर चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने. रात्री लावा, सकाळी जादाचं पुसा. गाडी चालू करून गिअरमध्ये चेन फिरवत फडकं धरायचं नाही, बोटं जातात.

एअर फिल्टर. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, त्याला हवाही मारायची नाही, ठरलेल्या कि.मी.ला फक्त बदलायचा. पंपावरचा पोरगा हौसेने कंप्रेसर मारतो, कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये. रिंगा झिजलेल्या, धूर निघणारा तसला क्लेम पास होत नाही. फोमचा असेल तर धुऊन, सावलीत वाळवून, तेल लावून पिळून परत.

ब्रेकशू. ब्रेक पूर्ण दाबल्यावर आर्मवरचा बाण पॅनलवरच्या खुणेपर्यंत आला की बदला. कॅमला नावापुरतं ग्रीस, लायनिंगला बोटसुद्धा नाही. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसा. पुढची एबीएसची लाइन उघडू नका. पॅड बदलायला ती उघडावीही लागत नाही. पण कॅलिपर बाहेर असताना लिव्हर दाबलं की पिस्टन बाहेर येतो, तेवढं सांभाळा. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी, डॉट ४ असेल तर डॉट ४ च. रंगावर सांडलं तर लगेच पाणी.

हात लावायचाच नाही: टॅपेट, टायमिंग चेन, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), ऑक्सिजन सेन्सर, मूळ सायलेन्सर. आणि वायरिंग कापून हॉर्न किंवा फॉग लाइट नको. इलेक्ट्रिकल क्लेममध्ये पहिली नजर टेप गुंडाळलेल्या जोडाकडेच जाते. लाइट लावायचेच तर कप्लर-टू-कप्लर (वायर न कापता जोडाला जोड), वेगळा रिले आणि फ्यूज घालून. इग्निशन चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही.

---

करवीरकर_१६०

नाद खुळा माहिती. दोन शंका. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) घ्यायलाच पाहिजे का? आणि कुठल्या अडाणी हाताने ड्रेन बोल्टचे आटे आधीच गेलेले असतील तर काय?

---

पाना_नंबर_१७

ड्रेन बोल्ट बहुधा १२ मि.मी. आट्यांचा असतो आणि त्याला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात. हिशेब करा: २० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला पावणेतेरा किलोचा जोर झाला की २५ झाले. आणि आपण बोल्ट आवळतो म्हणजे अंगाचा भार टाकतो. पाना आखूड घ्या, मनगटाने आवळा. फिल्टरच्या झाकणाचे ६ मि.मी.चे बोल्ट तर १० न्यूटन-मीटरचेच, ते दोन बोटांनी धरलेल्या टी-पान्याने. तुटला की अर्धा आत राहतो.

रेंच लागतोच तो मागच्या अॅक्सल नटला. ५ ते २५ आणि २० ते १०० अशा दोन रेंजचे लागतात, एकात सगळं बसत नाही. पण दोन्ही घ्यायची गरज नाही; अॅक्सलसाठी मोठा घ्या, बाकी हात तयार होतो. काम झालं की रेंच त्याच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंग ताणलेली राहिली की मोजमाप बिघडतं.

प्लग काढायचा तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर. बसवताना पान्याशिवाय हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग नव्याला साधारण अर्धा फेरा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, थांबा.

आटे गेलेच तर उद्यमनगरात हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून मिळतं, आणि चांगलं बसतं. पण केसिंगला ड्रिल लागलं की त्या केसिंगच्या वॉरंटीवर पाणी सोडायचं. म्हणून पहिल्यांदा शोरूमच्या हिस्टरीवर बोट ठेवा: शेवटचं ऑईल त्यांनीच बदललं असेल आणि तुम्ही बोल्ट उघडलेलाच नसेल, तर आटे कुणी घालवले हे त्यांच्याच कागदावर आहे. पुढच्या सर्व्हिसला त्यांच्यासमोरच बोल्ट उघडायला लावा.

---

गगनबावडा_घाट

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही.

पुस्तिकेत “धुळीच्या किंवा ओल्या भागात जास्त वेळा” अशी ओळ असते, ती आपल्यासाठीच आहे. ऑईलची मुदत पावसामुळे निम्मी करायची गरज नाही. कागलपर्यंत हायवेचा पल्ला असेल तर इंजिन नीट तापतं आणि ओल उडून जाते. ऑईल खराब होतं ते गल्लीतल्या गल्लीत दोन-दोन कि.मी. फिरणाऱ्या गाडीचं. कॅपच्या आत पांढरट फेस दिसला तर आधी लांब फेरी मारून बघा. पूर्ण ऑईलच दुधाळ चहासारखं दिसत असेल तर पाणी आत गेलंय, गाडी चालू करू नका.

चेनचं मात्र उलट. जून ते सप्टेंबर घाटात किंवा उसाच्या ट्रॉलींनी चिखल केलेल्या रस्त्यावर रोज जात असाल तर दर ५००-६०० कि.मी.ला चेनला तेल हा नियम विसरा. भिजून आली की पुसायची, त्याच रात्री तेल. ऊस हंगामात धूळ आणि बारीक पाचट उडतं, तेव्हा चेनला घट्ट ग्रीससारखं काही लावू नका. ते सगळं त्यालाच चिकटतं.

आठवड्याला वॉशिंग सेंटर आणि प्रेशर गन ही पावसाळ्यातली खरी खराबी. गन कप्लरवर, मीटरखाली, चाकाच्या बेअरिंग सीलवर आणि चेनवर मारली की पाणी आत राहतं. इंजिनचा लाइट लागतो आणि माणूस म्हणतो सेन्सर वॉरंटीत पाहिजे. कप्लरमध्ये हिरवा गंज दिसला की क्लेम गेला. घरी बादली, तांब्या आणि शाम्पू पुरे.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ ला शहरात पाण्याखाली गेलेल्या गाड्या कमी नव्हत्या. पुराचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, ते विम्याचं काम, आणि तेही फक्त थर्ड पार्टी असेल तर मिळत नाही. सायलेन्सरपर्यंत पाणी चढलेली गाडी बटण मारून “चालू होते का” बघायची नाही. आत पाणी असताना पिस्टन वर गेला की रॉड वाकतो, आणि मग विमावालाही विचारतो की चालू कुणी केली. फोटो काढा, कळवा, टोइंग करा.

---

जॉबकार्ड

घरी केलेल्या कामाचा पुरावा कसा ठेवायचा ते राहिलं.

ऑईल-फिल्टर पक्क्या बिलावर घ्या आणि बिलावर गाडीचा नंबर लिहून घ्या, एमएच ०९ पासून पूर्ण. नुसती “ऑईल १ नग” अशी चिठ्ठी कुणाच्याही गाडीची असू शकते. काम करताना तीन फोटो पुरतात: मीटरचा आकडा, डब्यावरचा ग्रेड आणि बॅच, आणि भरल्यानंतरची गेजवरची पातळी. एका वहीत तारीख, कि.मी., काम, पार्ट नंबर. पार्ट मूळ कंपनीचेच घ्या, पाकिटाचं लेबल फाडून वहीत चिकटवा. लक्ष्मीपुरीत असो की ऑनलाइन, निम्म्या किमतीत “ओरिजिनल” मिळत असेल तर ते काय आहे ते कळायला हुशारी लागत नाही.

या वहीने शोरूमची नोंद भरून निघत नाही, हे पुन्हा सांगतो. तक्त्यातली सर्व्हिस चुकवून नुसती वही दाखवली तर शोरूममध्ये ती चालणार नाही. पुढे आयोगात गेलं तर उपयोगी. मधल्या कामांसाठी मात्र ती भक्कम आहे.

आणि पुढच्या सर्व्हिसला जाताना लपवू नका. “मध्ये शू बदललेत, चेन सेट केलीय” हे जॉब कार्डवर लिहायला सांगा. त्यांनी गाडी तपासून ताब्यात घेतली आणि शेरा मारला नाही, म्हणजे त्या तारखेला काम ठीक होतं याची नोंद त्यांच्याच कागदावर झाली.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

माझं मत तेच. पण जॉब कार्डवर लिहून घ्यायचं पटलं.

करवीरकर, काळं ऑईल काय करणार? गटारात ओतू नका. शहरातलं गटार जयंती नाल्याला, तिथून पंचगंगेला, आणि तेच पाणी खालच्या गावांना. जुन्या डब्यात भरून, पाणी न मिसळता, जवळच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. ते ड्रम भरला की विकतात, त्यामुळे नाही म्हणत नाहीत. आणि ते चेनला चोपडायचं तर अजिबात नाही, त्यात धातूची भुकटी असते.

---

करवीरकर_१६०

ठरलं मग. ९,००० ची सर्व्हिस शोरूमला, जॉब कार्डवर ओळ लिहून. तोवर घरी चेन आणि मागचे शू. ऑईलला हात लावत नाही, पण वायसर आणि मापाचा जार आणून ठेवतो. पाना भाऊ, शूच्या स्प्रिंगा काढायला पकड चालते की वेगळं हत्यार लागतं?

---

पाना_नंबर_१७

काहीच लागत नाही. दोन्ही शू स्प्रिंगांसकट पुस्तकासारखे मधून वर उचला, आपोआप सुटतात. बसवतानाही तसेच, आधी स्प्रिंगा अडकवून मग पॅनलवर दाबा. बोटं मधे ठेवू नका, जोरात मिटतात. नव्या शूंवर पहिले शंभर-दीडशे कि.मी. ब्रेक कमी पकडेल, लायनिंग ड्रमला घासून बसेपर्यंत. घाटात जायच्या आदल्या दिवशी बदलू नका.